हेडखालची फट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इंजिनाने प्लग खायला सुरुवात केली. टाकी भरायची, इंजिन गरम होऊ द्यायचं, मैदानाला दोन-चार फेऱ्या जोरात मारायच्या, आणि नेमकी सरळ पट्टीवर, थ्रॉटल पूर्ण उघडलेला असताना गाडी गप्प व्हायची. प्लग काढून बघावा तर आतल्या तारेचं वेटोळं एक तर तुटलेलं, नाहीतर चुरगळून एका बाजूला चिकटलेलं. नवा प्लग लावला की थोडा वेळ सगळं छान, मग पुन्हा तेच. चांगला ग्लो प्लग काही शे रुपयांना एक पडतो, आणि आम्हाला तो बाहेरून मागवावा लागतो. माझा पुतण्या अकरावीला. सणासुदीला मिळालेले पैसे साठवून, वर माझी थोडी भर घालून त्याने ही गाडी घेतलेली. ‘काका, परत गेला,’ असं म्हणत तो जळका प्लग घेऊन यायचा तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नसे.

गाडी एकास आठ प्रमाणातली, रिमोटवर चालणारी, चारही चाकांना जोर असलेली बग्गी. इंजिन साडेतीन सीसीचं, टू-स्ट्रोक. या छंदातले लोक त्याला ‘एकवीस’ म्हणतात, कारण घन इंचात ते ०.२१ भरतं. मुठीत मावेल एवढं हे इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या वर जातं. बॅटरीवरच्या गाड्या आता वेगात याच्या पुढे गेल्या आहेत आणि त्या चालवायला सोप्याही आहेत. पण जळलेल्या एरंडेलाचा वास, मागे सुटणारी निळसर धुराची रेघ आणि कानात घुसणारा तो आवाज, यांची ओढ एकदा लागली की सुटत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. दाब, तापमान, प्रवाह मोजणं हाच माझा रोजचा धंदा. त्यामुळे पुतण्याची गाडी घरात आली आणि मीही तिच्यात पुरता अडकलो.

प्लग का जातो, हे समजण्याआधी तो काम कसं करतो ते सांगायला हवं. मोटरसायकलच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. ग्लो प्लगमध्ये ठिणगीच नाही. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची एक बारीक तार असते, तिला सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने लालबुंद करायचं. इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर तार स्वतःच तापलेली राहते, कारण प्रत्येक फेरीत दाबलेल्या वायूची आणि जळणाची उष्णता तिला मिळते, शिवाय इंधनातल्या मिथेनॉलची प्लॅटिनमच्या पृष्ठभागाशी क्रिया होऊन उष्णता निघते. अशी प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायूत आपोआप तापत राहते हे हम्फ्री डेव्हीने १८१७ साली दाखवलं होतं. छोट्या इंजिनांसाठी त्याचा प्लग करून १९४७ मध्ये बाजारात आणला तो अमेरिकेच्या रे आर्डनने. त्याआधी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांना कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी एवढं सगळं वजन त्या चिमुकल्या विमानात घालावं लागे. आर्डनच्या प्लगने ते ओझं एका फटक्यात उतरवलं.

आता इंधन. मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन हे तिन्ही डब्यात एकत्रच मिसळलेले येतात. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा फार कमी लागते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास, आणि नायट्रोमिथेनला दोन किलोसुद्धा लागत नाही. हवा तेवढीच, पण तिच्यात जास्त इंधन जाळता येतं, म्हणून ताकद वाढते. आम्ही आधी सोळा टक्के नायट्रोचं इंधन वापरत होतो. मार्चमध्ये ते मिळेना, तेव्हा पंचवीस टक्क्यांचा डबा आला. पुतण्या खूश होता. आणि प्लग जायला लागले ते तेव्हापासून.

या छंदातला जो भेटेल तो एकच सल्ला देत होता: सुई उघडा. सुई म्हणजे कार्बोरेटरची नीडल. घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. उलट फिरवली की इंधन जास्त, मिश्रण रिच. लीन चाललेलं इंजिन तापतं, त्याला तेलही कमी मिळतं, कारण तेल इंधनातूनच येतं. त्यामुळे प्लग गेला की लीन असेल, सुई उघडा, हा सल्ला शंभरातल्या बहुतेक वेळी बरोबर असतो. आम्ही सुई उघडली. हेडवर प्लगजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. आधी ११५ अंश सेल्सिअस दाखवत होता, तो १०० च्या खाली आला. धूर दाट झाला, गाडी जड झाली, वळणातून बाहेर येताना गुरगुरायला लागली. आणि प्लग तरीही गेला. थोडा उशिरा गेला, एवढाच फरक.

इथे माझ्यातला इन्स्ट्रुमेंटवाला जागा झाला. कारखान्यात टर्बाइनच्या बेअरिंगचं तापमान ठीक दिसतंय म्हणून बेअरिंग ठीक आहे असं आम्ही कधी मानत नाही. कंपनं बघतो, तेल बघतो. इथे जादा इंधन हेडला गार ठेवत होतं, म्हणून थर्मामीटर समाधानकारक आकडा दाखवत होता. आतमध्ये त्या क्षणी काय घडतंय हे त्याला कळायचं साधनच नव्हतं. ते कळत होतं आवाजात. पूर्ण थ्रॉटलला नेहमीच्या सलग आवाजाच्या अंगावर एक बारीक तडतड ऐकू येत होती, मोहरी तडतडावी तशी. स्कूटरच्या जमान्यातला कुठलाही मेकॅनिक ती ऐकून सांगेल की इंजिन नॉकिंग करतंय.

हेड उतरवलं. या इंजिनांत वरचं पंखांचं कूलिंग हेड वेगळं आणि त्याच्या पोटात बसणारं दहनकक्षाचं बटण वेगळं असतं. बटण उलटं करून खिडकीतल्या उजेडात धरलं. मधली वाटी ठीक होती, पण कडेची सपाट पट्टी, जिला स्क्विश बँड म्हणतात, तिच्यावर बारीक खड्डे होते. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. पिस्टनच्या माथ्यावर नख फिरवलं तर तीच खरखर, कुणीतरी बारीक वाळूचा मारा केल्यासारखी, आणि त्या खरखरीवर करडी झाक. तुटलेल्या तारांचे कण चिरडले गेल्याच्या दोन-तीन ठळक खुणाही होत्या, त्या वेगळ्या ओळखू येत होत्या. लायनरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिला, ओरखडे नव्हते, हे नशीब. हेड आणि लायनर यांच्यामध्ये एकच शिम, म्हणजे पत्र्याचं पातळ कडं, होता, ०.१ मिलिमीटरचा.

ते सगळं डब्यात घालून मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. ऑइल इंजिनं, फाउंड्री, सुटे भाग यांचं हे जुनं ठिकाण. इथल्या गल्ल्यांत लेथचा आवाज सकाळपासून चालू असतो. माझ्या ओळखीचे एक टर्नर आहेत, साठी ओलांडलेले. आरएक्स-१०० मोटरसायकलच्या दिवसांत पोरं त्यांच्याकडे हेड घेऊन रांग लावायची. हेडचा फेस थोडा कापायचा, दाब वाढवायचा, गाडी पळवायची. दाब कमी-जास्त केला की टू-स्ट्रोक कसं वागतं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. त्यांनी ते चिमुकलं बटण डोळ्यांजवळ धरलं, पिस्टन बघितला, मग क्रँक फिरवून बघितला.

‘ह्येचं टायमिंग कुठं हाय ओ?’

‘नाही मिस्त्री. मॅग्नेटो नाही, कॉइल नाही.’

‘मग आग कवा पेटवायची, ह्ये कोण सांगतंय?’

हाच तो प्रश्न. प्लग खातंय म्हणून आम्ही सुई, इंधन, हवा, फिल्टर सगळं तपासलं होतं. या प्रश्नाच्या उत्तराकडे मात्र कुणी बोट दाखवलं नव्हतं. ग्लो इंजिनात आग कधी पेटायची हे ठरवणारा वेगळा भाग नाही. पिस्टन वर येताना मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि लाल तारेच्या साथीने एका क्षणी पेटतं. तो क्षण दाबावर, प्लगच्या उष्णतेवर आणि मिश्रणावर ठरतो. दाब ठरतो पिस्टन अगदी वर असताना त्याचा माथा आणि हेड यांच्यात उरणाऱ्या फटीवर. तिलाच हेड क्लिअरन्स म्हणतात. फट कमी तर दाब जास्त, आग लवकर. फार लवकर पेटली तर पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतोय, अशी झटापट होते. तीस हजार फेऱ्यांना एक फेरी सेकंदाच्या पाचशेव्या भागात होते. क्रँकचे दहा अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. एवढ्या वेळाने चूक झाली तरी त्याचा पहिला बळी ती नाजूक तार असते. नायट्रो वाढवला की जळण जोराचं आणि लवकर होतं, म्हणून फट वाढवावी लागते. नायट्रोच्या दर दहा टक्क्यांमागे ०.१ मिलिमीटर, असा या छंदातला ढोबळ हिशोब आहे.

हे ऐकून मिस्त्रींनी मान डोलावली. ‘म्हंजे आमी पोरांची हेडं कापायचो, त्याच्या उलटं. हितं जागा द्यायची.’

फट किती आहे हे आधी मोजायला हवं होतं. यासाठी महागडं साधन लागत नाही. एक मिलिमीटर जाडीची मऊ सोल्डर वायर आणि व्हर्निअर, एवढं पुरतं. हेड पुन्हा बसवून, स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळून घेतले. प्लगच्या भोकातून वायर आत घातली, तिचं टोक लायनरच्या भिंतीला टेकेपर्यंत. यात एक बारकावा आहे. वायर गजन पिनच्या रेषेतच घालायची. पिस्टन त्या पिनवर थोडा डोलतो. पिनला काटकोनात वायर घातली तर पिस्टन कलतो आणि फट आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मग फ्लायव्हील हाताने हळू फिरवून पिस्टन वरच्या टोकावरून एकदा पार करायचा. बोटांना किंचित अडल्यासारखं जाणवतं, ती वायर चेपली जाण्याची खूण. वायर बाहेर काढली तर टोक पत्र्यासारखं चपटं झालेलं. त्याच्या अगदी कडेला मोजलं: ०.४४. पिनच्या दुसऱ्या बाजूला तसंच केलं: ०.४०. सरासरी ०.४२ मिलिमीटर. या वर्गाच्या इंजिनांना सहसा ०.५ ते ०.७ लागते, आणि पंचवीस टक्के नायट्रोला त्यातली वरची बाजू बरी.

वायर तांब्याची घेऊ नये, ती पिस्टनला खुणा पाडते. सोल्डरमधली राळ आत राहिली असेल तर थोड्या इंधनाने धुऊन घ्यावी. एवढी काळजी घेतली की हे मोजमाप कुठल्याही घरात टेबलावर होतं.

गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन केला. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की मूळ दोन शिम होते. सोळा टक्क्यांवर खालच्या आरपीएमला जोर वाढावा म्हणून त्यांनी ०.२ चा शिम काढून टाकला होता. सोळा टक्क्यांवर ते खपून गेलं. पंचवीसवर खपण्यासारखं नव्हतं. हिशोब तिथेच जुळला: ०.४२ अधिक ०.२.

०.२ कागदावर नगण्य वाटतं. पण या इंजिनाचा बोअर सव्वासोळा मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या क्षेत्रफळावर ०.२ मिलिमीटरची चकती म्हणजे ०.०४ सीसीहून थोडं जास्त. पूर्ण दहनकक्षच अर्ध्या सीसीपेक्षा लहान असतो. म्हणजे त्या पत्र्याने कक्ष दहा टक्क्यांच्या आसपास मोठा होतो. मोठ्या इंजिनात ज्या फरकाकडे लक्षही जाणार नाही, तो इथे इंजिन जगवतो किंवा मारतो.

शिम मागवता आला असता. पण उद्यमनगरात उभं राहून ०.२ मिलिमीटरच्या पत्र्याची वाट बघायची हे मिस्त्रींना पटण्यासारखं नव्हतं. ‘आठ थाऊ,’ म्हणजे इंचाचे आठ हजारांश, असं म्हणून त्यांनी पोराला पितळी शिमचा पत्रा आणायला पाठवलं. पत्रा आल्यावर मायक्रोमीटर लावून तीन ठिकाणी जाडी बघितली. मग जे केलं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. एवढा पातळ पत्रा लेथवर नुसता धरला तर टूल लागताच चुरगळेल. त्यांनी पत्र्याचे चौकोनी तुकडे कापून एकावर एक रचले, ती चळत ॲल्युमिनियमच्या दोन जाड चकत्यांमध्ये घातली, एक चकती चकात आणि दुसरीवर मागून रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा दाब. कोपरे आधी कात्रीने उडवलेले. टूल इतकं हळू पुढे नेलं की चिप केसासारखी निघत होती. बाहेरचा व्यास जुन्या शिमच्या मापाला आला. मग ती चळत तशीच एका बोअर केलेल्या वाटीत बसवून, वरून रिंगने दाबून, आतला व्यास काढला. शेवटी एकेक शिम काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर बोटाने गोल फिरवून बर काढली. हातात आली ती पितळेची झुळझुळीत कडी, कडा साफ, पुन्हा मोजून ०.२०. मजुरी त्यांनी रीतसर घेतली आणि उरलेले शिम कागदात गुंडाळून दिले.

शिम घालून हेड आवळलं, वायर घालून पुन्हा मोजलं. ०.६१. पुतण्याने तो आकडा मार्करने खोक्याच्या झाकणावर लिहिला.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण नवख्या माणसाला वाटेल की फट जितकी जास्त तितकं सुरक्षित. तसं नाही. कडेची स्क्विशची पट्टी पिस्टनजवळ असली तरच ती मिश्रण मधल्या वाटीत जोराने ढकलते. फट फार मोठी झाली की ते ढकलणं संपतं, जळण आळसावतं, आयडलिंगला प्लग गार पडून इंजिन बंद पडतं, खालून उचल मिळत नाही. मग जास्त गरम जातीचा प्लग लावावा लागतो, म्हणजे पुन्हा दुसरीकडून तोच खेळ. उन्हाळा, जास्त नायट्रो, मोठं इंजिन यांना थंड जातीचा प्लग. थंडी, कमी नायट्रो यांना गरम जातीचा, हे साधारण गणित.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगल्या तापलेल्या उन्हात, गावाबाहेरच्या मैदानावर ट्यूनिंगला सुरुवात केली. या इंजिनांच्या पिस्टनला रिंग नसते. पितळेचा लायनर आतून क्रोम केलेला आणि वर निमुळता. गार असताना पिस्टन वरच्या टोकाला अडकल्यासारखा घट्ट असतो, तापल्यावर पितळ जास्त फुगून योग्य बैठक होते. म्हणून थंडीच्या दिवसांत आम्ही सुरू करण्याआधी हेडला हेअर ड्रायरची ऊब देतो. त्या दिवशी उन्हानेच ते काम केलं.

आधी जोराची सुई (पूर्ण थ्रॉटलची), मग हळूची (खालच्या आरपीएमची), शेवटी आयडलचा स्क्रू, हा क्रम सोडायचा नाही. जोराची सुई मुद्दाम थोडी जास्त उघडी ठेवून सुरुवात केली. गाडी सरळ पट्टीवर पूर्ण थ्रॉटलला सोडायची, परत आणायची, सुई घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढी बंद करायची. दर वेळी आवाज थोडा मोकळा होत गेला. गुरगुर गेली, मग जडपणा गेला, मग पट्टीच्या शेवटापर्यंत चढत जाणारा सलग आवाज आला. धुराची रेघ शेवटपर्यंत दिसत राहिलीच पाहिजे. ती नाहीशी झाली की एक तास मागे. आणि ती तडतड कुठेही नव्हती. मी पट्टीच्या कडेला वाकून, एका कानावर हात ठेवून ऐकत होतो. नव्हती.

मग हळूची सुई. इंजिन आयडलला ठेवून कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबायची. आरपीएम जरासा वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर सुई ठीक. लगेच मेलं तर लीन, बराच वेळ रेंगाळलं तर रिच. दुसरी खूण थ्रॉटल सोडल्यावरची: आवाज झटकन खाली बसायला हवा. वरच लटकून राहिला आणि सावकाश उतरला तर लीन. किंवा कुठूनतरी हवा ओढतंय, कार्बोरेटरच्या मानेतून नाहीतर मागच्या बॅकप्लेटच्या गॅस्केटमधून. तसं असेल तर कितीही सुई फिरवली तरी आयडल जागेवर राहत नाही.

सगळं बसल्यावर मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट ही होती: जोराची सुई आता शिम घालण्याआधीपेक्षा बंद होती. म्हणजे दाब कमी करून, इंधन कमी करून, गाडी जास्त पळत होती. थर्मामीटर १०८ दाखवत होता. पुतण्याने पूर्ण वेगातून इंजिन एकदम बंद केलं आणि प्लग काढला. तार गोल, जागेवर, चकचकीत. फक्त कडेला राखाडी झाक. तो प्लग त्याने खिशात ठेवलेल्या जळक्या प्लगशेजारी धरून बघितला. ‘काका, हा जिवंत आहे,’ म्हणाला.

मे संपता संपता आंबा घाट उतरून रत्नागिरीला बहिणीकडे गेलो तेव्हा गाडी बरोबर होती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. खाली उतरल्यावर हवा दाट, तेवढ्याच सुईला मिश्रण आपोआप लीन. संध्याकाळी रत्नागिरीच्या सड्यावर, कातळावर गाडी सोडली तर पहिल्याच फेरीत धूर विरळ आणि आवाज चिरका. सुई सुमारे अष्टमांश फेरा उघडल्यावर गाडी ठिकाणावर आली. प्लग गेला नाही. फट बरोबर असली की हवामानाचा असा फरक सुईच्या आवाक्यात राहतो, हे मला तिथे पटलं. याच्या उलट अनुभव पन्हाळ्याच्या चढत्या वाटेवर आला, तिथे सुई बंद करावी लागली. कोकणातली दमट हवा मात्र दुसऱ्या तऱ्हेने त्रास देते. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. डबा उघडा राहिला की इंधन बिघडतं आणि इंजिनात उरलेलं इंधन बेअरिंगला गंज चढवतं. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करून, प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडून इंजिन काही फेरे फिरवायचं आणि पिस्टन खाली ठेवून थांबायचं, म्हणजे निमुळत्या जागी तो अडकत नाही.

मुलांच्या हाती ही गाडी देणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. ते पोटात गेलं तर माणूस आंधळा होऊ शकतो, मरू शकतो. कातडीतूनही ते शरीरात शिरतं. इंधन भरताना हातमोजे, डबा कुलपात, गाडी कायम उघड्यावर. आमच्याकडे या नियमाला अपवाद नाही.

बॅटरीवरच्या ब्रशलेस मोटरी आल्यापासून अनेकांची नायट्रो गाडी माळ्यावर गेली आहे. त्यातली कितीतरी इंजिनं ‘प्लग खातं’, ‘सेट होत नाही’ म्हणून पडून आहेत, आणि भंगाराच्या भावाने विकली जात आहेत. तुमच्याकडे असं इंजिन असेल तर पुल-स्टार्टची दोरी लगेच ओढू नका. हेडला ऊब द्या, आत तेल सोडा, हाताने सुटं करा. मग सोल्डरची तार घालून फट मोजा, आणि डब्यावरचा नायट्रोचा आकडा बघून शिम ठरवा. सुईला हात त्यानंतर लावा. आणि ही मापं, म्हणजे फट, शिमची जाडी, इंधनाचे टक्के आणि प्लगची जात, एका कागदावर लिहून इंजिनाच्या खोक्यात ठेवा. गाडी विकाल तेव्हा तो कागद घेणाऱ्याच्या हातात द्या.